फोटोतून पुसलेला राजा

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात, रॉकी पर्वताच्या कुशीत, बॅन्फ नावाचं गाव आहे. मे १९३९ मध्ये तिथे काढलेल्या एका फोटोत तीन माणसं दिसतात. राजे सहावे जॉर्ज, त्यांच्या पत्नी राणी एलिझाबेथ आणि कॅनडाचे पंतप्रधान विल्यम लायन मॅकेन्झी किंग. पुढे हाच फोटो पंतप्रधानांच्या निवडणूक पोस्टरवर झळकला. त्यात राणी होत्या, पंतप्रधान होते, पण राजे नव्हते. त्यांना फोटोतून साफ काढून टाकलं होतं.

संगणक नसलेल्या त्या काळात हे काम हातानं व्हायचं. निगेटिव्हवरचा नको तो भाग बारीक पात्यानं खरवडायचा किंवा प्रिंटवर करड्या रंगाच्या छटा ब्रशनं भरायच्या. मागचं झाड, डोंगर, आकाश जिथे तुटलं असेल तिथे ते रंगवून जुळवायचं, आणि मग त्या रंगवलेल्या प्रिंटचाच पुन्हा फोटो काढायचा. नव्या निगेटिव्हवरून काढलेल्या प्रतीत रंगाचा थर दिसत नाही. वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत असे कसबी हात तेव्हा असायचेच. पण त्यांचं रोजचं काम असायचं कुणाच्या चेहऱ्यावरचा डाग काढायचा, कुणाची कडा उजळायची. आपल्याच देशाच्या राजाला चौकटीबाहेर काढणं हे त्या मानानं फारच धाडसाचं.

हे का केलं, याचा लेखी पुरावा नाही. अभ्यासकांचा तर्क असा की, राणीशेजारी एकटे उभे असलेले पंतप्रधान मतदारांना अधिक वजनदार वाटावेत. तर्क पटण्याजोगा आहे. सुदैवानं मूळ फोटो टिकला, म्हणून ही चलाखी उघडकीला आली. तो हरवला असता तर पोस्टरवरचा फोटोच खरा ठरला असता आणि एका दुपारी राणी आणि पंतप्रधान दोघंच फिरायला गेले होते, असं कुणीतरी निश्चिंतपणे लिहून मोकळं झालं असतं.

राजा आणि पंतप्रधान एका चौकटीत असलेले फोटो बहुतेकांना कंटाळवाणे वाटतात. लाल गालिचा, हस्तांदोलन, ठेवणीतलं हसू. कॅनडाच्या अभिलेखागारात असे फोटो ढिगानं आहेत, कारण ब्रिटनचा राजा हा कॅनडाचाही राजा, आणि राज्य चालवतो तो लोकांनी निवडलेला पंतप्रधान. या दोघांचं नातं नेमकं काय, हे घटनेच्या कलमांत पूर्ण सापडत नाही. राजा आणि पंतप्रधान यांच्या खाजगी भेटीत काय बोलणं झालं ते बाहेर सांगायचं नाही, हा संकेत आजही पाळला जातो. त्यामुळे बाहेरच्या माणसाच्या हाती उरतात ते फोटो : कोण पुढे, कोण मागे, कोण बसलेलं, कोण उभं. हे फोटो नीट वाचले तर कॅनडा हा देश वसाहतीतून स्वतंत्र राष्ट्र कसा झाला, याची गोष्ट त्यांत टप्प्याटप्प्यानं दिसते.

१९३९ चा दौरा म्हणजे या गोष्टीचा पहिला मोठा टप्पा. तोवर एकाही राजानं गादीवर असताना कॅनडात पाऊल ठेवलं नव्हतं. १७ मे रोजी राजा-राणीची बोट क्वेबेकला लागली. धुकं आणि हिमनग यांमुळे ती दोन दिवस उशिरा आली होती. तिथून निळ्या-रुपेरी रंगाच्या खास रेल्वेगाडीनं ते देशाच्या पश्चिम टोकापर्यंत गेले आणि परत आले. या गाडीच्या पुढे आणखी एक गाडी धावायची, त्यात पत्रकार आणि फोटोग्राफर. राजे स्टेशनात उतरण्याआधी कॅमेरे तिथे रोखलेले असायचे. योगायोग असा की, कॅनडाच्या राष्ट्रीय फिल्म मंडळाची स्थापना २ मे १९३९ ची, म्हणजे राजे येण्याच्या जेमतेम दोन आठवडे आधीची.

या दौऱ्यातले फोटो एकापाठोपाठ पाहत गेलं की एक गृहस्थ सतत दिसत राहतात. बुटके, गोलसर, हातात हॅट. हे मॅकेन्झी किंग. एकूण एकवीस वर्षांहून अधिक काळ ते कॅनडाचे पंतप्रधान होते, आजवर तिथे एवढा काळ कुणीच टिकलेलं नाही. राजांबरोबर 'सोबतीचा मंत्री' म्हणून कोण राहणार, यावर दौऱ्याआधी बरीच रस्सीखेच झाली होती. राजाचा प्रतिनिधी म्हणून गव्हर्नर जनरल होतेच. त्या जागी तेव्हा लॉर्ड ट्वीड्सम्यूर होते, म्हणजे रहस्यकथा लिहिणारे प्रसिद्ध लेखक जॉन बुकन. पण किंग यांनी आग्रह धरला की राजे कॅनडात असताना त्यांच्या शेजारी कॅनडाचा पंतप्रधानच हवा. ट्वीड्सम्यूर समजूतदारपणे मागे सरले.

या आग्रहामागे जुनी जखम होती. १९२६ मध्ये किंग यांनी संसद विसर्जित करण्याची शिफारस केली आणि तेव्हाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड बिंग यांनी ती नाकारली. किंग यांनी राजीनामा दिला. विरोधी पक्षाचं सरकार आलं आणि काही दिवसांतच कोसळलं. निवडणुकीत किंग यांनी लंडनहून नेमलेल्या माणसानं लोकनियुक्त पंतप्रधानाला अडवावं का, हाच प्रश्न तापवला आणि ते जिंकून परत आले. पुढे १९३१ च्या वेस्टमिन्स्टर कायद्यानं कॅनडाची संसद कायद्याच्या दृष्टीनं ब्रिटिश संसदेच्या बरोबरीची झाली. पण कायदा पुस्तकात असतो, सामान्य माणसाला तो दिसत नाही. राजाच्या खांद्याला खांदा लावून आपला पंतप्रधान उभा आहे, हे मात्र वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर दिसतं. १९ मे रोजी सहाव्या जॉर्जनी राजधानी ओटावातल्या सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, स्वतः बसून विधेयकांना संमती दिली. ते तिथे बसले ते कॅनडाचे राजे म्हणून, आणि हे सगळ्यांना दिसावं म्हणूनच कॅमेरे लावले होते.

जूनमध्ये राजा-राणी अमेरिकेत गेले, तेव्हाही सोबतीचा मंत्री म्हणून किंगच गेले, ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री गेले नाहीत. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी हाइड पार्कच्या आपल्या घरी ११ जूनला राजांना हॉट डॉग खायला घातले, ही गंमत जगभर छापून आली. पण आदल्या रात्रीची बैठक जास्त मोलाची होती. रूझवेल्ट, राजे आणि किंग तिघंच उशिरापर्यंत बोलत बसले होते. युद्ध दारात होतं. त्या रात्रीचा फोटो नाही. आहे ती किंग यांची डायरी.

ही डायरी म्हणजे अभिलेखागाराला लाभलेलं भाग्यच. १८९३ पासून मरेपर्यंत, सत्तावन्न वर्षं, किंग जवळजवळ रोज लिहीत होते. तिची टंकलिखित पानं तीस हजारांच्या घरात जातात. काही निवडक भाग सोडून बाकी सारं नष्ट करा, असं त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं. विश्वस्तांनी तसं केलं नाही. आज ती डायरी कुणालाही वाचता येते, आणि १९३९ चा एखादा फोटो समोर ठेवून त्या तारखेचं पान उघडलं की त्या ठेवणीतल्या हसण्यामागे काय चाललं होतं ते कळतं. मृतांच्या आत्म्यांशी बोलणारा, आईच्या आठवणीत रमणारा, मानापमानाच्या बाबतीत कमालीचा हळवा असा माणूस त्या पानांत भेटतो. फोटोतला किंग मात्र नेहमीच स्थिरचित्त.

सहाव्या जॉर्जनंतर त्यांच्या कन्या दुसऱ्या एलिझाबेथ गादीवर आल्या आणि त्यांनी राणी म्हणून कॅनडाचे बावीस अधिकृत दौरे केले. इतर कुठल्याही देशात त्या इतक्या वेळा गेल्या नाहीत. ऑक्टोबर १९५७ च्या दौऱ्यात त्यांनी ओटावात संसदेचं उद्घाटन केलं. आपल्याकडे राज्यपाल किंवा राष्ट्रपती सरकारनं लिहून दिलेलं अभिभाषण वाचतात, तसंच हे. त्या वर्षी जॉन डिफेनबेकर नुकतेच पंतप्रधान झाले होते आणि बावीस वर्षांची लिबरल पक्षाची सलग सत्ता संपली होती. राणीबरोबर मंत्रिमंडळाचा जो फोटो तेव्हा निघाला, त्यात सूट घातलेल्या पुरुषांच्या रांगांत राणीखेरीज आणखी एकच बाई आहे. त्या एलन फेअरक्लफ, कॅनडाच्या केंद्रीय मंत्रिमंडळातल्या पहिल्या महिला. कॅमेरा लावला होता राणीसाठी, पण आज हा फोटो शोधणारे अनेक जण फेअरक्लफ यांच्यासाठी शोधतात. एकच फोटो दोन पिढ्या दोन निराळ्या कारणांनी उघडतात, असं जुन्या फोटोंच्या बाबतीत फार वेळा घडतं.

१९५९ चा दौरा सहा आठवड्यांहून लांबला. सेंट लॉरेन्स नदीतून महासागरी जहाजं थेट अमेरिका खंडाच्या पोटातल्या विशाल सरोवरांपर्यंत जाऊ शकतील असा जलमार्ग तयार झाला होता. २६ जून रोजी राणी, अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर आणि डिफेनबेकर यांच्या उपस्थितीत त्याचं उद्घाटन झालं. या दौऱ्यातले फोटो पाहताना एक गोष्ट मनात धरून पाहावी : राणी तेव्हा गरोदर होत्या. दौरा चालू असतानाच त्यांनी ही गोष्ट डिफेनबेकर यांच्या कानावर घातली. त्यांनी दौरा आटोपता घेण्याचा सल्ला दिला, राणींनी ऐकलं नाही, उलट कुठे बोलायचं नाही असं बजावलं. म्हणजे पुढच्या फोटोंत राणीच्या शेजारी चालणारा तो उंच, कुरळ्या केसांचा पंतप्रधान हे गुपित सांभाळत चालला आहे. प्रिन्स अँड्र्यूचा जन्म फेब्रुवारी १९६० चा. फोटोओळींमध्ये यातलं अक्षरही नाही, असणं शक्यही नव्हतं. दुसरीकडून आलेली माहिती फोटोवर ठेवली की तोच फोटो निराळा दिसू लागतो.

फोटोओळ हा तर स्वतंत्र विषय आहे. छापील प्रिंट उलटून पाहिली की पाठीवर खजिना असतो. वृत्तसंस्थेचा शिक्का, तारीख, टंकलेली चिकटपट्टी, कोणत्या पानावर किती स्तंभात लावायचा याची पेन्सिलीतली सूचना. कधी पुढच्या बाजूवर मेणाच्या पेन्सिलीनं आखलेली चौकट असते. संपादकानं कुठून कुठपर्यंत फोटो छापला आणि कोणाला कापलं, ते तिच्यावरून कळतं. पाठ कोरी असेल तर फोटोच्या आतल्या खुणा शोधाव्या लागतात. मोटारींची बनावट, टोप्या, आणि सगळ्यात खात्रीचा साक्षीदार म्हणजे झेंडा. लाल मेपल पानाचा झेंडा कॅनडानं १५ फेब्रुवारी १९६५ ला स्वीकारला. राणीच्या मागे कोपऱ्यात ब्रिटिश ध्वजाचा तुकडा असलेला जुना लाल झेंडा फडकत असेल तर फोटो बहुधा त्याआधीचा, मेपल पान दिसलं तर नक्की नंतरचा.

झेंडा बदलण्याच्या काही महिने आधी, ऑक्टोबर १९६४ मध्ये, एक दौरा झाला आणि त्याचे फोटो बाकीच्यांपेक्षा अगदी वेगळे आहेत. पंतप्रधान होते लेस्टर पिअर्सन. क्वेबेक प्रांतात फ्रेंच भाषकांची स्वातंत्र्याची मागणी जोर धरत होती. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येला वर्षही झालं नव्हतं, राणीच्या जिवाला धोका असल्याच्या बातम्या होत्या. १० ऑक्टोबरला क्वेबेक शहरात राणी आल्या तेव्हा रस्त्यांवर लोकांपेक्षा पोलीसच जास्त होते. निदर्शकांवर लाठ्या चालल्या, आणि तो दिवस फ्रेंच भाषकांच्या स्मरणात 'लाठ्यांचा शनिवार' म्हणून राहिला. राजघराण्याच्या दौऱ्यांचे फोटो म्हटलं की गर्दी गृहीत धरलेली असते. इथे ओस पडलेले पदपथच सगळं सांगतात. अशा फोटोंचं महत्त्व मोठं आहे, कारण सरकारी अल्बममध्ये ते सहसा नसतात. ते सापडतात वृत्तपत्रांच्या संग्रहांत.

शरीराची एखादी हालचाल किती मोठं राजकारण होऊ शकते, हे मराठी वाचकांना एका जुन्या प्रसंगातून ठाऊक आहे. १२ डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात पाचव्या जॉर्जपुढे संस्थानिक एकेक करून मानवंदना देत होते. वाकायचं आणि पाठ न दाखवता मागे सरायचं, असा दंडक. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड, म्हणजे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेले गोपाळराव, यांनी एकदाच मान लववली आणि पाठ फिरवून ते चालू लागले. चलच्चित्राचे कॅमेरे चालू होते. ती फिल्म ब्रिटनमधल्या चित्रपटगृहांत दाखवली गेली आणि महाराजांनी मुद्दाम अपमान केला की नाही, यावर लोकांनी पडद्याकडे बोट दाखवून वाद घातले. महाराजांना व्हाइसरॉयला खुलाशाचं पत्र लिहावं लागलं. हेतू काय होता यावर इतिहासकार आजही भांडतात, पण पाठ फिरली होती हे फिल्मच सांगते.

अशीच एक हालचाल कॅनडाच्या पंतप्रधानांची आहे. ७ मे १९७७, बकिंगहॅम राजवाडा. सात बड्या औद्योगिक देशांच्या शिखर परिषदेसाठी नेते लंडनला जमले होते. राणी आणि इतर पाहुणे पुढे निघाले, त्यांची पाठ होती आणि पिअर ट्रूडो यांनी मागच्या मागे एका पायावर गर्रकन गिरकी घेतली. कॅनेडियन प्रेस या वृत्तसंस्थेच्या डग बॉल यांनी नेमका तो क्षण टिपला. कोट उडालेला, एक पाय हवेत, पुढे कुणाला पत्ताच नाही. दुसऱ्या दिवशी कॅनडात काही जण खुदकन हसले, काही संतापले. हा माणूस राणीचा मान ठेवत नाही, असं म्हणणारे कमी नव्हते.

ट्रूडो यांच्या निकटवर्तीयांनी पुढे सांगितलं की ती गिरकी आयत्या वेळची नव्हती, काही तास आधी तिचा सराव झाला होता. कारण राजशिष्टाचाराचं होतं. राजवाड्याच्या रिवाजात राष्ट्रप्रमुख आणि सरकारप्रमुख यांना वेगळं वागवलं जातं. अमेरिकेचे कार्टर आणि फ्रान्सचे जिस्कार हे राष्ट्रप्रमुख, त्यांचा मान वेगळा. ट्रूडो नुसते सरकारप्रमुख, आणि त्यांच्या देशाची राष्ट्रप्रमुख म्हणजे खुद्द यजमानीणच. ही उतरंड ट्रूडो यांना मान्य नव्हती आणि त्यांनी निषेध नोंदवला तो पायानं. हा खुलासा माहीत नसेल तर फोटोत एक उनाड पंतप्रधान दिसतो. माहीत असेल तर कॅनडाच्या घटनेतली सगळी अडचण त्या हवेतल्या पायात दिसते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राणी ओटावाला आल्या आणि ट्रूडो यांच्याच सरकारचं अभिभाषण त्यांनी वाचलं.

याच दोघांचा एकत्र असा सर्वांत महत्त्वाचा फोटो आहे १७ एप्रिल १९८२ चा. तोपर्यंत कॅनडाच्या घटनेत मोठा बदल करायचा तर लंडनच्या संसदेकडे जावं लागत होतं. वर्षानुवर्षांच्या वाटाघाटींनंतर ही शेवटची बेडी तुटली. ओटावात संसदेसमोरच्या मोकळ्या पटांगणात मंच घातला, टेबल मांडलं आणि राणींनी जाहीरनाम्यावर सही केली. फोटोत राणी खाली मान घालून सही करताहेत आणि शेजारी ट्रूडो बसलेले आहेत, नजर कागदावर. सह्या करणाऱ्यांत न्यायखात्याचे मंत्री जाँ क्रेतियां हेही होते. ट्रूडो सही करत असताना पेनाचं टोक बिघडलं, मग आपली पाळी आल्यावर आपल्या तोंडून फ्रेंचमधली एक शिवी निसटली आणि राणी हसल्या, अशी आठवण क्रेतियां यांनी नंतर सांगितली.

या फोटोत जो माणूस नाही तोही तितकाच महत्त्वाचा. क्वेबेकचे मुख्यमंत्री रने लेव्हेक समारंभाला आले नाहीत. नोव्हेंबर १९८१ मध्ये एका रात्रीत बाकीच्या प्रांतांनी केंद्राशी परस्पर समझोता केला आणि आपल्याला बाजूला ठेवलं, हा त्यांचा राग होता. राणी ओटावात सही करत होत्या त्या दिवशी मॉन्ट्रियलमध्ये निषेधाचा मोर्चा निघाला. क्वेबेकच्या सरकारनं त्या घटनेवर आजतागायत औपचारिक संमतीची मोहर उमटवलेली नाही. १९३९ च्या फोटोतून राजाला पुसावं लागलं होतं. लेव्हेक यांनी स्वतःच चौकटीत यायचं नाकारलं, आणि त्यांची ती रिकामी जागा आजही चर्चेचा विषय आहे.

फोटोत दिसणाऱ्या त्या कागदाचीही स्वतःची कहाणी आहे. त्या दिवशी ढग दाटले होते. सह्या होत असतानाच पावसाचे थेंब पडले आणि शाई जागोजागी फुटली. जाहीरनाम्याच्या दोन प्रती होत्या. थेंबांनी डागाळलेली एक, आणि दुसरी कोरडी राहिलेली. या दुसऱ्या प्रतीवर १९८३ मध्ये कलेच्या एका विद्यार्थ्यानं लाल रंग ओतला. अमेरिकेच्या क्रूझ क्षेपणास्त्रांच्या चाचण्या कॅनडाच्या भूमीवर होऊ देण्याचा तो निषेध होता. तो लाल डाग आजही तसाच आहे. दोन्ही प्रती देशाच्या ग्रंथालय-अभिलेखागारात जपून ठेवल्या आहेत, डागांसकट. सहीच्या क्षणाचा फोटो आणि पावसानं फुटलेली शाई एकमेकांशेजारी ठेवून पाहता येणं, हे फार कमी राष्ट्रांच्या नशिबी येतं.

जपून ठेवणं म्हणजे कपाटात ठेवणं असं अनेकांना वाटतं. फोटो मात्र कपाटात मरतात. जुन्या नायट्रेट फिल्म वयोमानानं चिकट होतात, पिवळ्या पडतात आणि पेटल्या तर विझवता येत नाहीत, कारण जळायला लागणारा प्राणवायू त्यांच्यातूनच निघतो. जुलै १९६७ मध्ये, देशाची शताब्दी साजरी होत असताना, क्वेबेकमधल्या फिल्म मंडळाच्या नायट्रेट गोदामाला आग लागली आणि कॅनडाच्या चित्रस्मृतीचा मोठा तुकडा एका दिवसात राख झाला. नंतर आलेली ॲसिटेट फिल्म सहजी पेटत नाही, पण सडते. डबा उघडला की व्हिनेगरचा उग्र वास येतो, फिल्म आक्रसते, थर सुटून नागमोडी सुरकुत्या पडतात, आणि एका डब्याची लागण शेजारच्याला होते. रंगीत निगेटिव्हचे रंग नुसत्या उबेनंही उडतात. यावर उपाय एकच, थंडी आणि कोरडी हवा. ओटावा नदीच्या पलीकडे गाटिनो इथे १९९७ मध्ये उघडलेल्या जतन केंद्रात अठ्ठेचाळीस तिजोरीवजा खोल्या आहेत. रंगीत फिल्म तिथे गोठणबिंदूच्या खूप खालच्या तापमानात ठेवतात. नायट्रेटची वस्ती वेगळी, गावाबाहेर.

२७ मे २०२५ रोजी या मालिकेत नवा फोटो आला. राजे तिसरे चार्ल्स यांनी ओटावात अभिभाषण वाचलं. १९५७ आणि १९७७ नंतर राजमुकुटधारी व्यक्तीनं स्वतः ते वाचण्याची ही तिसरीच वेळ. संसदेची मुख्य इमारत दुरुस्तीसाठी बंद, म्हणून सिनेट भरतं ते शहराच्या जुन्या रेल्वे स्थानकात, आणि सोहळाही तिथेच झाला. राजांना बोलावलं होतं नवे पंतप्रधान मार्क कार्नी यांनी. अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प कॅनडाला आपलं एक्कावन्नावं राज्य करण्याची भाषा करत होते. अशा वेळी आमचा राष्ट्रप्रमुख वेगळा आहे, हे सांगायला एका फोटोइतकी सोपी भाषा दुसरी नव्हती. मॅकेन्झी किंग यांना हे आमंत्रण लगेच उमगलं असतं.

त्या समारंभात गव्हर्नर जनरल मेरी सायमनही होत्या. त्या इनुइट, म्हणजे कॅनडाच्या अतिउत्तरेतल्या आदिवासी समाजातल्या. या पदावर आलेल्या पहिल्या मूलनिवासी. त्यांचं नाव फोटोओळींत होतं. जुन्या दौऱ्यांच्या फोटोंत असं नाही. राजा-राणीच्या स्वागताला पिसांचे मुकुट घालून आलेले आदिवासी प्रमुख, उत्तरेकडच्या धावपट्टीवर उभी असलेली इनुइट मुलं, यांच्याबद्दल ओळीत बहुधा नुसतं 'स्थानिक' किंवा 'एस्किमो' लिहिलेलं असे. राजाचं नाव, पंतप्रधानांचं नाव, कधी त्यांच्या अंगरक्षकाचंही नाव, आणि ज्यांच्या भूमीवर हे सगळं चाललं होतं ते बिननावाचे.

कॅनडाच्या अभिलेखागारानं २००२ च्या सुमारास यावर काम सुरू केलं. सुरुवात अगदी साधी होती. जुने फोटो संगणकावर घेऊन इनुइटांच्या नुनाव्हुत प्रदेशातले तरुण विद्यार्थी आपापल्या गावच्या वृद्धांकडे गेले, पडद्यावर एकेक फोटो उघडून विचारत गेले, हे कोण? म्हातारी माणसं चेहरे ओळखायची : ही माझी मावशी, हा अमक्याचा थोरला, हा तर मीच. ती नावं, गावं आणि नाती फोटोओळींत भरली गेली, जुनी अपमानकारक ओळ पुसली न जाता तिच्याशेजारी नवी आली. पुढे हे काम इनुइटांपुरतं न राहता फर्स्ट नेशन्स आणि मेटिस या इतर मूलनिवासी समाजांपर्यंत वाढलं. ओळखू शकणारी पिढी हातातून निसटत असल्यामुळे ते घाईनं करावं लागतं. आज त्या संग्रहाच्या पानावर एखादा फोटो उघडला आणि त्यातला माणूस ओळखीचा निघाला, तर पाहणाऱ्यालाही त्याचं नाव कळवता येतं.